तिन्हीसांजनं पाखरू

गणपती विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले असतील. संध्याकाळी मी दारातल्या पायरीवर पालक निवडत बसले होते. भिवाभाऊ फाटकाशी येऊन उभे राहिले. हातात स्टीलचा डबा, आणि त्यावर झाकणाऐवजी जुन्या ओढणीचा तुकडा रबरानं बांधलेला.

"बाई, जरा बघता का? याचं नाव काय असेल?"

मी चष्मा वर सरकवून डोकावले. आत काहीतरी मोठं, तपकिरी, केसाळ अंगाचं फडफडत होतं.

"पतंग आहे," मी म्हटलं.

"पतंगच ना?"

"हो तर. रंग बघा ना याचा. फुलपाखरू असतं तर दिवसा उडालं असतं. हे दिवेलागणीला निघालंय."

एकतीस वर्षं मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं. फुलपाखरू दिवसा उडतं, पतंग रात्री. फुलपाखरू रंगीत, पतंग मातकट. फळ्यावर दोन रकाने आखून किती वर्गांना मी हे लिहून दिलं असेल याचा हिशेब नाही. त्यामुळे उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही.

भिवाभाऊंनी ओढणीच्या तुकड्यावरचं रबर नीट केलं. मग म्हणाले, "मीपण तेच सांगायचो." कोणाला, ते मी विचारलं नाही. ते सोसायटीच्या मागच्या नारळांकडे गेले, रबर काढलं, आणि ते पाखरू टुणटुण उड्या मारल्यासारखं उडत अंधुक उजेडात दिसेनासं झालं.

भिवा बिऱ्हाडे सुरतेतल्या आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत राहायला आले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांच्या मुलीनं, प्रज्ञानं, घर घेतलं. ती बडोद्याला एका हॉस्पिटलात नर्स आहे, महिन्या-दोन महिन्यांतून येते. पण आमची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. प्रज्ञा नवागामच्या शाळेत माझ्या वर्गात होती. तेव्हा एका वर्गात साठ-साठ पोरं असायची, घरी अहिराणी बोलणारी, शाळेत मराठी आणि गल्लीत गुजराती. पालकसभेला बहुतेक आया यायच्या. बापांमध्ये नेमानं येणारे एकटे भिवाभाऊ. पांढरा शर्ट, पायांत चपला, आणि उजव्या हाताची बोटं काळी. ती काळी बोटं बघून मला वाटायचं, हे कुठल्यातरी गॅरेजात असतील. एकदा मी प्रज्ञाला विचारलं तर ती म्हणाली, "नाही बाई, माझे बाबा साड्यांवरची फुलं काढतात."

आता त्या शाळेत मराठीचे दोनच वर्ग उरलेत. तिथून जाताना मी हल्ली आत बघत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाभाऊ पुन्हा आले. या वेळी हातात डबा नव्हता, एक गुंडाळी होती. माझ्या टेबलावर त्यांनी ती उलगडली. पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईनं ते कालचं पाखरू काढलेलं होतं, तळहाताएवढं मोठं करून. पंखावरची शीर न् शीर, पाठीवरचे केस, पुढच्या पंखावर मध्यभागी तीन मोठे ठिपके आणि टोकाजवळ तीन बारीक.

"हे आठवून काढलंत?"

"हातात होतं ना घटकाभर. तेवढं पुरतं." त्यांनी चित्रावर बोट ठेवलं. "बाई, तुम्ही रागावू नका. पण एक गोष्ट खटकते. या मिशा."

"काय झालं मिशांना?"

"मी पतंग पुष्कळ काढलेत. त्याच्या मिशा कंगव्यासारख्या असतात, नाहीतर नुसत्या दोऱ्यासारख्या, टोकाकडे बारीक होत जातात. फुलपाखराच्या टोकाला गाठ असते. याच्याही टोकाला गाठ आहे. आणि गाठीच्या पुढे हा आकडा, क्रोशाच्या सुईसारखा."

मी बघत राहिले. माझ्या फळ्यावरच्या दोन रकान्यांत आकडा कुठेच नव्हता.

"असेल एखादा तसला पतंग," मी म्हटलं. पण आवाजात कालचा ठामपणा नव्हता, हे माझं मलाच कळलं. मग मी चहा टाकला आणि विचारलं, "भिवाभाऊ, एवढं काय अडलंय त्याच्या नावावाचून?"

ते हसले. चहा झाल्यावर मी कप त्यांच्यापुढे ठेवला. मग हळूहळू त्यांनी जे सांगितलं ते असं.

चोपड्याजवळच्या खेड्यातून ते एकोणिसाव्या वर्षी सुरतेला आले. विठ्ठल नावाचा चुलतभाऊ आधीपासून लूमवर होता, त्यानं लावून दिलं. बारा-बारा तास यंत्रमागाचा खडखडाट. बोलायचं तर खुणांनी. कानात घुमणारा तो आवाज विसरावा म्हणून मधल्या सुट्टीत ते भिंतीवर खडूनं चित्रं काढायचे. गावचा बैल, केळीचा घड, विठ्ठलचं नाक. एक दिवस ग्रे, म्हणजे बिनछपाईचं कोरं, कापड बघायला आलेल्या जयंतीकाकांनी ती भिंत पाहिली. रिंगरोडच्या मागे एका तिसऱ्या मजल्यावर त्यांचा ट्रेसिंगचा स्टुडिओ होता. ही चित्रं कोणाची म्हणून त्यांनी विचारलं, "आ कोणे दोर्युं?" आणि आठवडाभरात भिवाभाऊ त्या स्टुडिओत ब्रश धुवायला लागले.

ब्रश धुण्यात एक वर्ष गेलं. मग काचेचं टेबल मिळालं, खाली ट्यूबलाइट लावलेलं. साडीचं डिझाइन कागदावर रंगवून यायचं. काचेवर ते ठेवायचं, वर फिल्म पसरायची, आणि एकेक रंग वेगळा करून काळ्या शाईनं उतरवायचा. पाच रंगांचं डिझाइन असेल तर पाच फिल्म. लाल जिथे आहे तिथे एका फिल्मवर काळं, हिरवं जिथे आहे तिथे दुसरीवर. मग त्या फिल्मवरून छपाईचे स्क्रीन व्हायचे. केसाएवढी रेघ सरकली तर गुलाबाचा लाल रंग पाकळीबाहेर जायचा आणि हजार साड्या वाया.

"डोळे तिथे तयार झाले, बाई," ते म्हणाले. "रंग बघायचाच नाही. रेघ कुठे संपते ते बघायचं."

त्र्याऐंशी साली लग्न झालं. आनंदी यावल तालुक्यातली. नवागामला एक खोली घेतली. तेव्हा डिंडोली म्हणजे शेतं. आज जिथे आमची सोसायटी आहे तिथे ऊस होता, पलीकडे नहर म्हणजे कालवा, आणि नहराच्या काठानं शिंदीची झाडं. आनंदी घरी साड्यांचे दोरे कापायचं काम करायची. भिवाभाऊ संध्याकाळी परतले की दोघं नहराकडे फिरायला जायची. खोलीत उकडायचं आणि दोघांना बोलायला दुसरी जागा नव्हती.

"तिथे हे दिसायचं. उजेड जायला आला की शिंदीच्या झावळ्यांतून निघायचं. अर्धा तास दिसायचं, मग गायब. आनंदीनं त्याचं नाव ठेवलं होतं, तिन्हीसांजनं पाखरू."

"आणि तुम्ही म्हणायचात पतंग."

"मी म्हणायचो पतंग. ती म्हणायची, हाई फुलपाखरूच शे. मी म्हणायचो, अगं, मी दिवसभर फुलपाखरं काढतो, मला शिकवतेस? ती म्हणायची, पतंग दिवावर येस. हाई येस का? मुन्सिपालटीच्या खांबावरच्या दिव्याभोवती सगळा कचरा जमायचा, बाई, पण हे खरंच तिकडे जायचं नाही. तरी मी हटायचो नाही. जयंतीकाकांना विचारलं, तेही म्हणाले पतंग. मग तर झालंच. घरी येऊन तिला सांगितलं, काकांनी सांगितलंय, आता गप बस."

"बसल्या का?"

"छ्या! वीस वर्षं भांडली. मजेत, पण भांडली."

एकदा त्यांनी त्या पाखराचं डिझाइनही केलं. तपकिरी जमीन, त्यावर सोनेरी ठिपक्यांची पाखरं, काठाला शिंदीची पानं. जयंतीकाकांनी व्यापाऱ्याला दाखवलं. व्यापारी म्हणाला, तपकिरी कोण नेसणार, याला निळं करा. काकांनी निळं करून दिलं आणि ती साडी भरपूर चालली. पण तपकिरी रंगात एक नमुना छापून झाला होता, तो काकांनी भिवाभाऊंना दिला. आनंदीनं तो फाटेपर्यंत नेसला. पुढे त्याची गोधडी झाली, गोधडीचं पायपुसणं झालं, आणि एका पावसाळ्यात नहराचं पाणी खोलीत शिरलं तेव्हा ते पायपुसणंही गेलं.

मग कॉम्प्युटर आले. एक मुलगा माऊस फिरवून तासाभरात पाच रंग वेगळे करायला लागला. दोन हजार तीन साली स्टुडिओ बंद झाला. भिवाभाऊ आधी सुरतेजवळच्या सचिन गावात एका मिलच्या रंगखोलीत लागले, नंतर इच्छापोरला ठेकेदाराकडे गोदामात. चित्र सुटलं. आनंदीताई सात वर्षांपूर्वी गेल्या. प्रज्ञानं घर घेतलं ते त्या गेल्यानंतर, म्हणून या घरात त्या कधी राहिल्याच नाहीत.

"काल जिन्यात ते बसलेलं दिसलं," भिवाभाऊ म्हणाले, "आणि म्हटलं आता तरी विचारावं कोणाला. शिकलेल्या माणसाला."

मी कपबशा उचलल्या. शिकलेल्या माणसानं काय उत्तर दिलं होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

माझ्या मैत्रिणीचा मुलगा अभिजीत शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी, फोटो पाठव." फोटो नव्हता. त्या संध्याकाळी आम्ही दोघं मोबाईल घेऊन नारळांखाली उभे राहिलो. पाखरू दिसलं, पण इतकं झटक्यानं उडत होतं की माझ्या फोटोत नुसता तपकिरी फराटा आला. मोबाईलवरच्या एका ॲपला तो दाखवला, त्यानं बेधडक एका पतंगाचं नाव सांगितलं.

"बघा, हेही तुमच्याच बाजूचं," भिवाभाऊ म्हणाले, आणि आम्ही दोघं हसलो.

शेवटी मी फिल्मवरच्या चित्राचा फोटो काढून पाठवला. दहा मिनिटांत अभिजीतचा फोन आला.

"हे कोणी काढलं?"

"आमच्या शेजारचे भिवाभाऊ."

"त्यांना फोन दे."

मी स्पीकर लावून फोन दिला आणि पुढची पंधरा मिनिटं नुसती ऐकत होते. अभिजीत विचारत होता आणि भिवाभाऊ उभ्यानं, परीक्षेला बसल्यासारखे उत्तरं देत होते. बसताना पंख कसे? मिटून, उभे. ठिपके पांढरे की पिवळे? पिवळे, काचेसारखे, आरपार उजेड दिसतो. डोळे?

"लाल," भिवाभाऊ म्हणाले. "गुंजेसारखे. फिल्मवर लाल येत नाही म्हणून काढले नाहीत."

मग अभिजीत म्हणाला, "काका, मला एक शंका आहे, पण तपकिरी पाखरांच्या बाबतीत घाईनं बोलणारा फसतो. जवळपास ताड, शिंदी, नारळ आहे का? त्याच्या पानांत अळी शोधा. पान गुंडाळून नळी केलेली असेल. अळी मिळाली तर पक्कं सांगतो."

आमच्या मागच्या अंगणात चार नारळ आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे गेलो तर सोसायटीचे सेक्रेटरी हसमुखभाई आधीच हजर होते, सोबत पाठीवर औषधाचा पंप लावलेला माणूस.

"बेन, झाडमां रोग छे," ते वर बोट दाखवून म्हणाले. "पानां बधां वळी गयां छे." खालच्या झावळ्यांची पानं खरंच नळीसारखी वळली होती. काही कडेनं कुरतडलेली.

भिवाभाऊ पुढे झाले. तसा हा माणूस सभेत कधी तोंड उघडत नाही. पण त्या दिवशी ते गुजरातीत म्हणाले, "हसमुखभाई, तीन आठवडे थांबा. मला यातली एक-दोन पानं काढून घेऊ द्या. तीन आठवड्यांनी झाड खराब झालं तर मी स्वतः फवारीन."

"पण तमारे शुं काम छे?"

भिवाभाऊ गोंधळले. एवढी सगळी हकीकत पंपवाल्यासमोर सांगायची कशी? मी म्हटलं, "माझ्या कॉलेजातल्या भाच्याला हवंय. अभ्यासासाठी." अभ्यास म्हटल्यावर हसमुखभाईंनी मान डोलावली. पंपवाल्याला गुलाबांकडे वळवलं आणि स्वतः शिडी आणून दिली.

शिडीवर भिवाभाऊच चढले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, मी खाली शिडी धरून. त्यांनी एक नळी अलगद कापली आणि खाली आणून नखानं उघडली. आत बोटाएवढी अळी होती, पण अळी अशी दिसतच नव्हती. अंगभर पांढऱ्या मेणाचे लांब धागे, जणू कोणी कापसाच्या वाती एकत्र बांधून ठेवल्यात. भिवाभाऊंनी हलकेच स्पर्श केला तर धागे बोटाला चिकटून आले, पिठासारखे.

"चाळीस वर्षं बघतोय," ते म्हणाले, "पण हे पोर कधी बघितलं नव्हतं."

प्लास्टिकच्या मोठ्या बरणीत झावळीचा तुकडा उभा करून त्यांनी ती अळी घरी ठेवली. रोज ताजं पान द्यायचे. मी रोज संध्याकाळी जाऊन बघायची. त्यांच्या घरी बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या बाजूला आनंदीताईंचा, आणि खाली टीपॉयवर ती बरणी. भिवाभाऊंनी जुनी पेटी काढली होती. शून्य नंबरचे ब्रश, वाळलेल्या शाईची बाटली, पिवळी पडलेली फिल्मची गुंडाळी. अळी वाढली तसं चित्र वाढत गेलं. रोज एक.

दहा-बारा दिवसांनी अळीनं पानाची नळी घट्ट केली आणि आत कोष झाला. भिवाभाऊंनी मला मुद्दाम बोलावलं. "ऐका," म्हणाले, आणि बरणीला टिचकी मारली. आतून खडखड आवाज आला, वाळलेल्या शेंगेतल्या बियांसारखा. मी दचकून मागे सरले. ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं.

"आनंदी असती तर पळाली असती," ते म्हणाले. मग जरा थांबून, "नाही. मी पळालो असतो, ती बसली असती टिचक्या मारत."

नवरात्र सुरू झालं. सोसायटीच्या मैदानात मंडप पडला, संध्याकाळपासून गरब्याच्या गाण्यांनी खिडक्या थरथरायच्या. भिवाभाऊंनी आवाजाचा त्रास नको म्हणून बरणी आतल्या खोलीत नेली. मी म्हटलं, त्याला कान असतात का हो? ते म्हणाले, असोत नसोत, आपण काळजी घ्यावी. दसऱ्याच्या आधी दोन दिवस प्रज्ञा आली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती येतेच, दोघं मिळून विहारात जातात. बरणी बघून ती माझ्याकडे आली.

"बाई, हे काय चाललंय बाबांचं? फोनवर रोज अळीचीच गोष्ट."

मी तिला सगळं सांगितलं. माझं पहिलं उत्तरसुद्धा. ती हसली. "तुम्ही चौथीत शिकवलं होतं आम्हाला, दोन रकाने आखून. मी घरी जाऊन आईला म्हणून दाखवलं होतं. म्हटलं, बघ, बाईसुद्धा बाबांच्या बाजूच्या."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्या बाईंना नहरावर घेऊन ये एकदा."

नहर माझ्या शाळेपासून दहा मिनिटांवर होता. एकतीस वर्षांत मी एकदाही तिकडे गेले नव्हते.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी कोषाचा रंग काळपट झाला. प्रज्ञानं मला हाक मारली, मी अभिजीतला फोन केला. तो स्कूटरवरून येईपर्यंत कोष फुटला होता. पाखरू झावळीच्या काडीला धरून ओले पंख पसरत होतं. भिवाभाऊ खाली बसून बघत होते, हातात ब्रश, पण ब्रश हलत नव्हता.

अभिजीत त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. भिंग काढलं. मिशांचा आकडा बघितला, ठिपके मोजले, बाजूनं जाऊन लाल डोळे बघितले. लांब सोंड गुंडाळी उलगडावी तशी उलगडली तेव्हा तो स्वतःशीच हसला. मग भिवाभाऊंनी काढलेली अळीची सगळी चित्रं त्यानं एकापुढे एक मांडून पाहिली.

"काका, हे फुलपाखरू आहे."

प्रज्ञा पुढे सरकून बरणीजवळ बसली.

"फुलपाखरांतलं एक घराणंच असं आहे," अभिजीत सांगू लागला. "जाड अंग, मातकट रंग, वेगात उड्या मारत उडणं. बघणारा पतंगच म्हणतो. त्यातही हे संध्याकाळी आणि पहाटे उडणारं, म्हणून जास्तच फसगत. मिशांचा आकडा हीच खूण. इंग्रजीत याला जायंट रेडआय म्हणतात, लाल डोळ्यांचं मोठं पाखरू. शास्त्रीय नाव गंगारा थायर्सिस."

"गंगारा?" भिवाभाऊंनी मान वर केली. "हे तर आपल्याकडचं नाव वाटतं. एखाद्या गावासारखं."

"काका, नवीन जात वगैरे नाही हं ही. याचं वर्णन करून अडीचशे वर्षं झाली."

"मला नवीन कशाला पाहिजे? मला एवढंच विचारायचंय. माझी बायको म्हणायची हे फुलपाखरू, कारण ते दिव्यावर येत नाही. तिचं बरोबर होतं?"

अभिजीत खरं बोलणारा मुलगा आहे. तो जरा विचार करून म्हणाला, "दिव्याचं कारण पूर्ण बरोबर नाही, काका. यातली काही कधीमधी दिव्यावर येतात. पण त्यांनी जे सांगितलं ते बरोबर. आणि त्यांनी ते पुस्तक न बघता, पाखरू बघून सांगितलं."

भिवाभाऊंनी ब्रश खाली ठेवला. भिंतीवरच्या फोटोकडे त्यांनी बघितलं नाही. प्रज्ञाकडे बघितलं आणि अहिराणीत म्हणाले, "तुनी माय बरोबर व्हती व पोरी."

"तिला माहीत होतं, बाबा," प्रज्ञा म्हणाली.

"माहीत होतं तर माझ्याशी वीस वर्षं भांडली कशाला?"

"तुम्ही नहरावर तेवढ्यासाठी थांबायचात म्हणून."

भिवाभाऊ उठले आणि आत पाणी प्यायला गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आम्ही तिघं पाखराकडे बघत बसलो. प्रज्ञानं अभिजीतला चहा विचारला, तो हो म्हणाला, पण चहा करायला कोणी उठलं नाही.

संध्याकाळी आम्ही ते नारळाखाली नेलं. मैदानात पोरं रावणाच्या पुतळ्याभोवती गोंधळ घालत होती. उजेड जायला आला, पाखरानं पंख दोनदा थरथरवले आणि ते गेलं. हसमुखभाई बघायला आले होते. "बस, आटलुंज?" म्हणजे एवढंच का, त्यांनी विचारलं. पण जाताना झाडावरच्या उरलेल्या नळ्या त्यांनी मोबाईलच्या उजेडात निरखून पाहिल्या, आणि पंपवाला त्या नारळांकडे आजवर फिरकलेला नाही.

या गोष्टीला आता दीड वर्ष होत आलं. अभिजीतनं भिवाभाऊंना कॉलेजात बोलावलं. त्यांच्या विभागात जुन्या पेट्या आहेत, टाचणीला लावलेल्या कीटकांच्या. त्यातल्या तपकिरी पाखरांच्या चिठ्ठ्या कधीच गळून पडल्यात आणि फोटोवरून ती ओळखू येत नाहीत. भिवाभाऊ दर बुधवारी सकाळी डिंडोलीहून बसनं जातात आणि दुपारपर्यंत एकेक पाखरू फिल्मवर उतरवतात. तिथल्या खोलीत त्यांच्यासाठी एका जुन्या टेबलाची फळी काढून काच बसवलीय, खाली ट्यूबलाइट. मुलं त्यांना दादा म्हणतात. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले होते. काचेखालचा दिवा लावला तेव्हा त्यांनी दोन्ही हात काचेवर पसरून ठेवले. मग म्हणाले, "जयंतीकाका सकाळी आले की आधी असाच हात फिरवायचे. काच गरम झाली का बघायला."

मीही अधूनमधून जाते. माझं काम तिथे काही नाही, चिठ्ठ्यांवर चांगल्या अक्षरात नावं लिहून देते. गेल्या बुधवारी एका पेटीत अगदी एकसारखी सहा पाखरं होती. अभिजीत म्हणाला, सगळी एकच जात. भिवाभाऊंनी ती भिंगाखाली घेतली, चार एका बाजूला ठेवली आणि दोन दुसऱ्या बाजूला.

"ही दोन वेगळी आहेत, सर."

"कशावरून, काका?"

"मागच्या पंखाची कड बघा. ही रेघ इथे वळते. त्या चौघांत सरळ जाते."

"तो नर-मादीचा फरक असेल."

"असेल. मला नावं येत नाहीत. मी रेघ सांगतो."

अभिजीतनं भिंग घेतलं आणि खुर्ची ओढली. त्यानं जाडजूड पुस्तक काढलं, मग दुसरं काढलं. एक वाजला. भिवाभाऊंनी ब्रश धुतले, पुसले, पेटीत रांगेनं ठेवले. आम्ही "येतो" म्हणालो ते त्याला ऐकूच गेलं नाही. जिना उतरून आम्ही बसथांब्यावर पोचलो तेव्हा माझा मोबाईल वाजला. अभिजीतच होता.

"मावशी, काकांना म्हणावं, पुढच्या बुधवारी जरा लवकर या."

मी निरोप सांगितला. भिवाभाऊंनी मान डोलावली, आणि बस येताना दिसली तशी खिशातून सुटे पैसे काढून आम्हा दोघांच्या तिकिटासाठी हातात धरले.